रिस्ट स्ट्रॅप, मॅट आणि अर्थिंग: खान्देशातल्या नव्या रिपेअरिंगवाल्यांसाठी

एप्रिल उजाडला की खान्देशात दाराच्या कडीला हात लावला तरी चट्‌कन बसतं. पॉलिस्टरचा शर्ट काढताना अंधारात ठिणग्या दिसतात, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं की पँट पायाला चिकटते. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो तेव्हा दुपारच्या हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा एक बारीक थर असतो आणि घर्षणाने साठलेली वीज त्यातून हळूहळू निसटून जाते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो थरच नसतो, म्हणून ती अंगावर, कपड्यांवर, टेबलावर बसून राहते. हिवाळाही कोरडाच. म्हणजे पावसाळा सोडला तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या गाळ्यात मोबाइल उघडणारा, धुळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा किंवा चोपड्याकडे बांधावर बसून ठिबकचा कंट्रोलर खोलणारा, या सगळ्यांनाच या साठलेल्या विजेचा, म्हणजे स्टॅटिकचा, हिशेब ठेवावा लागतो.

नव्या पोराने हा विषय काढला की शेजारच्या गाळ्यातून उत्तर येतं, "काही व्हत नही, भाऊ." तसं वाटण्याला कारण आहे. माणसाच्या त्वचेला स्टॅटिकचा चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. त्याच्या खाली काय घडतं ते आपल्याला कळतच नाही. आयसीला, म्हणजे बोर्डावरच्या चिपला, मात्र कळतं. काही नाजूक आयसी आणि मॉस्फेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर) १०० व्होल्टच्या आसपासही दुखावतात, आणि कारखान्यांसाठीची जी मानकं आहेत ती १०० व्होल्टपर्यंतच्या धक्क्याला सोसणारे सुटे भाग डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलेली आहेत. आता जुन्या हँडबुकांतले आकडे बघा. ओलावा १०-२० टक्के असताना विनाइलच्या फरशीवरून चाललं तर अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत चढतात, दमट हवेत तेच २५०. टेबलावरून साधी प्लास्टिकची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत २०,००० व्होल्टपर्यंत, दमट हवेत १२००. नुसतं खुर्चीत बसून टेबलावर काम करणाऱ्याच्या अंगावरही कोरड्या हवेत ६००० पर्यंत जातात.

यातला खरा त्रास असा की आयसी लगेच मरतोच असं नाही. पुष्कळदा आतला ऑक्साइडचा थर अर्धवट फाटतो, मोबाइल चालू होऊन गिऱ्हाइकाच्या हातात जातो आणि काही आठवड्यांनी "तुम्हीच लावलेला डिस्प्ले बंद पडला" म्हणून परत येतो. मग आपण माल डुप्लिकेट निघाला म्हणतो. कधी असतोही. पण दर वेळी नाही.

पुढे जाण्याआधी एक फरक समजून घ्या, कारण नवीन लोक इथे हमखास गोंधळतात. एकदाच चट्‌ करून बसलं आणि लगेच पुन्हा हात लावल्यावर काहीच झालं नाही, तर ती स्टॅटिक. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना सतत झिणझिण जाणवत असेल, तर ती अडॅप्टरमधून येणारी गळतीची वीज आहे आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. त्यावर रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे मनगटाचा पट्टा, हा इलाज नाही, वायरमन हा आहे.

आधी अर्थिंग

सगळे जण आधी पट्टा विकत घेतात आणि मग तो कुठे लावायचा ते शोधतात. उलट करा. अंगावरची वीज जमिनीत जाण्याची वाट म्हणजे शेतातली चारी समजा: मध्ये एका जागी फुटली की शेवटच्या वाफ्याला पाणी नाही, मग वर मोटर कितीही चालू दे.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसेल. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच दिसायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये ऐंशी, शंभर, मध्येच साठ असं काही नाचत असेल तर अर्थची वायर कुठेच गेलेली नाही, सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. आकडा बरोबर आला तरी तेवढ्यावर विसंबू नका. मीटर इतका कमी करंट घेतो की अगदी कमजोर अर्थिंगलाही तो २३० दाखवतो. म्हणून वायरमनला बोलवून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, किंवा त्याच्याकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर ठीक, आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, पण त्यावरून अर्थ जोडलेली आहे एवढंच कळतं. हा प्रयोग स्वतः करायचा नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या रॉडपासून किंवा प्लेटपासून सुटते, ओल संपते आणि पावसाळ्यात चांगली चाललेली अर्थिंग मे महिन्यात नावापुरती उरते. मीठ-कोळसा घातलेला खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा. वरच्या मजल्यावर भाड्याचा गाळा असेल तर इमारतीची अर्थिंग तुमच्या स्विचबोर्डापर्यंत खरोखर आली आहे का, हे मालकाला विचारून आणि मोजून घ्या.

दोन गोष्टी कुणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू नका. एक, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणं. काही जण असा लूप मारून "झाली अर्थिंग" म्हणतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला की तुमच्या प्रत्येक यंत्राच्या लोखंडी अंगात थेट २३० व्होल्ट येतात. दुसरी, नळाच्या पाइपला किंवा खिडकीच्या गजाला वायर बांधणं. गज भिंतीत संपतो, आणि नळाचे पाइप आता पीव्हीसीचे असतात, हे पाइपांचे कारखाने असलेल्या जळगावला वेगळं सांगायला नको.

सगळं एका ठिकाणी जोडा

टेबलाच्या कडेला एक कॉमन पॉइंट करा. तयार मिळतो: दोन-तीन प्रेस बटणं आणि केळीपिनेची (बनाना प्लगची) भोकं असलेली छोटी पेटी, जिची वायर थ्री-पिनच्या फक्त अर्थ पिनेला जाते. पट्टा, मॅट, पुढे कधी घेतलात तर आयोनायझर (चार्ज मारणारा पंखा), सगळ्यांची दोरी, म्हणजे जोडायची वायर, इथे येऊन मिळाली पाहिजे. मॅट एका सॉकेटला आणि पट्टा पलीकडच्या भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटला, असं नको. तुम्ही, मॅट आणि तुमच्या समोरचा मदरबोर्ड एकाच पातळीवर असाल तर ठिणगी पडायला कारणच राहत नाही. मला विचाराल तर महागड्या मॅटपेक्षा या साध्या जोडणीची किंमत जास्त आहे.

सोल्डरिंग आयर्न आणि गरम हवेच्या ब्लोअरची पिन थ्री-पिनच हवी आणि तिसरी पिन शाबूत हवी. सॉकेटात बसत नाही म्हणून तिसरी पिन पक्कडीने मोडलेल्या यंत्रांची आपल्याकडे कमी नाही. आयर्नच्या टोकापासून अर्थ पिनेपर्यंत मीटरने रोध मोजा. तो दोन ओहमच्या आत यायला हवा. जास्त आला तर टोक काढून आतली काजळी साफ करा आणि पुन्हा मोजा.

पट्टा

रिस्ट स्ट्रॅपमध्ये दोन भाग असतात. मनगटावरचा पट्टा, ज्याच्या आतल्या बाजूला वीज वाहणारे धागे विणलेले असतात आणि बहुतेकांत एक धातूची चकती, आणि दुसरी ती गुंडाळी पडलेली दोरी. दोरीच्या मनगटाकडच्या टोकात १ मेगाओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो. हा रेझिस्टर म्हणजे तुमचा जीव. स्टॅटिकला निसटून जायला मेगाओहमची वाट पुरते, कारण साठलेला चार्ज फारच थोडा असतो. पण पट्टा घातलेला असताना चुकून २३० व्होल्टला हात लागला, तर त्या पट्ट्यातून ०.२३ मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही. तो माणसाला जाणवेल न जाणवेल एवढाच. म्हणून पट्ट्याऐवजी मनगटाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला जोडणं ही काटकसर नव्हे, मरणाला आमंत्रण आहे. तसं करणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

विकत घेतल्यावर पहिलं काम म्हणजे दोरी मोजा. मीटर मेगाओहमच्या रेंजवर, एक प्रोब बटणाच्या टोकाला आणि दुसरा क्लिपला. १ च्या जवळपास आकडा आला पाहिजे. शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही, ती दोरी कचऱ्यात टाका. आकडाच आला नाही तर दोरी तुटलेली आहे. मग पट्टा मनगटावर घालून, दोरीच्या क्लिपला एक प्रोब लावा आणि दुसरा प्रोब त्याच हाताच्या अंगठा-तर्जनीत घट्ट धरा. आता अंगाचा रोधही त्यात मिळेल. ३५ मेगाओहमच्या आत काहीही चालतं. जानेवारीत हातपाय फुटलेले असतात तेव्हा आकडा वर जातो किंवा मीटर हात टेकतो. अशा वेळी पट्ट्याखालच्या कातडीला किंचित पाण्याचा हात लावला की आकडा खाली येतो. घामाच्या दिवसांत ही अडचण येत नाही. खान्देशी उन्हाळ्याचा तेवढाच एक फायदा.

पट्टा उघड्या कातडीवर, घट्ट. शर्टाच्या बाहीवरून घातलेला पट्टा नुसता दागिना. गळ्यातल्या मण्यांसारखा ढिला सोडलेलाही तसाच. दोरी मळली म्हणून बिघडत नाही, पण पट्टा तेलकट, घामट झाला की आतले धागे झाकले जातात, तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. दोरी नेहमी बटणाजवळ वाकून वाकून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून रोज सकाळी शटर उघडलं की अगरबत्ती लावण्याआधी की नंतर ते तुमचं तुम्ही ठरवा, पण वरची मोजणी तेव्हाच करून टाका. अर्धा मिनिट लागतो.

बिनदोरीचे, म्हणजे वायरलेस पट्टे ऑनलाइन स्वस्तात दिसतात. दोरी नाही म्हणजे वाट नाही, वाट नाही म्हणजे वीज जाणार कुठे? घेऊ नका.

मॅट

मोबाइलवाल्यांच्या टेबलावर ती निळी, स्क्रूसाठी खण पाडलेली सिलिकॉनची मॅट असते ना, तिला सगळे सर्रास ॲन्टिस्टॅटिक म्हणतात. ती उष्णता सोसते, स्क्रू हरवत नाहीत, या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण साधं सिलिकॉन विजेला वाट देत नाही, उलट घासलं की स्वतःच भरपूर चार्ज धरतं. ओळखायची खूण सोपी: खऱ्या मॅटला कोपऱ्यात प्रेस बटण असतं, जिथून दोरी अर्थला जाते. बटण नाही आणि दोरी नाही, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ती मॅट अर्थला जोडताच येणार नाही. सिलिकॉनची मॅट फेकायची गरज नाही. ब्लोअर मारताना वापरा, रोजचं काम खऱ्या मॅटवर करा.

खरी रबरी मॅट बहुधा दोन थरांची असते. वरचा हिरवा, निळा किंवा राखाडी थर चार्ज सावकाश सोडतो, खालचा काळा थर तो पटकन दोरीपर्यंत नेतो. सावकाश हा शब्द महत्त्वाचा आहे. वरच्या थराचा रोध साधारण १० लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान ठेवलेला असतो. चार्ज झटक्यात गेला तर त्या झटक्यानेच आयसी मरतो, म्हणून पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलवर बोर्ड ठेवणं हा उपाय नाही. शिवाय पत्र्यावर चालू वायर पडली तर काय होईल ते सांगायला नको. साध्या मल्टीमीटरने मॅट मोजायला जाऊ नका, तो बहुतेक वेळा काहीच दाखवणार नाही आणि तुम्ही चांगली मॅट परत कराल. तिच्यासाठी जास्त व्होल्टवर मोजणारा वेगळा मीटर लागतो. घरच्या मीटरने दोरी आणि बटण तेवढं तपासा.

फ्लक्स (सोल्डरिंगची पेस्ट) सांडला तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. चकाकी आणणारे पॉलिश, सिलिकॉनचा स्प्रे यांचा थर बसला की मॅट निकामी.

पायातलं आणि अंगावरचं

हील स्ट्रॅप, म्हणजे टाचेला बांधायची पट्टी, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी. तिची रिबिन मोज्याच्या आत कातडीला टेकवायची आणि ती दोन्ही पायांत हवी, कारण चालताना एक पाय कायम उचललेला असतो. शिवाय खाली फरशी किंवा मॅटही त्याच जातीची असेल तरच उपयोग. गाळ्यात बसून काम करणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत.

कपड्यांचं म्हणाल तर सुती शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या. कार्बनच्या धाग्यांचे कोट असतात, पण ते कारखान्यात शोभतात. कापूस पिकवणाऱ्या मुलखात पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून बोर्डावर वाकायचं कारण नाही. पट्टा बांधला तरी तो कातडीवरचा चार्ज नेतो, शर्टावरचा नाही. म्हणून शर्टाचा काठ बोर्डापासून लांब ठेवा.

जे अर्थ होतच नाही

प्लास्टिक, थर्माकोल, सेलोटेप, बबल रॅप: यांना तार जोडून काही उपयोग नाही, कारण त्यांच्यातून वीज वाहतच नाही. पहिला उपाय म्हणजे ही मंडळी बोर्डापासून हातभर लांब ठेवणं. चहाचा प्लास्टिकचा कपही. नव्या डिस्प्लेवरची पारदर्शक फिल्म सर्रकन ओढली की हजारो व्होल्ट तयार होतात. ती कडेपासून सावकाश सोलायची, आणि डिस्प्लेची फ्लेक्स (पट्टीसारखी वायर) बोर्डाला जोडण्याआधी. बोर्ड धुवायला आपण सगळेच जुना टूथब्रश वापरतो. त्याचे नायलॉनचे केस बोर्डावर घासले की दर फटक्याला चार्ज. काळ्या केसांचा ईएसडी (स्टॅटिकपासून जपणारा) ब्रश फार महाग नसतो, तो घ्या.

काम वाढलं की आयोनायझर बघा. हा पंखा हवेत धन आणि ऋण आयन सोडतो आणि प्लास्टिकवरचा चार्ज मारतो. आपल्याकडच्या धुळीत त्याच्या सुया लवकर मळतात आणि मळलेला आयोनायझर एकाच बाजूचा चार्ज फवारत बसतो, म्हणजे इलाजापेक्षा रोग बरा. सुया नियमित साफ करायची तयारी असेल तरच घ्या. त्याआधी स्वस्तातला उपाय तुमच्या गाळ्यात आहेच: कूलर. त्याने ओलावा ४० टक्क्यांच्या पुढे गेला तरी फरक पडतो. झोत टेबलावर सोडू नका, भिंतीकडे वळवा. कूलरचं अंग लोखंडी असेल तर त्याची अर्थिंगही वर सांगितल्याप्रमाणे तपासा. एसी उलट हवा कोरडी करतो.

पिशव्या

गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, पण बाहेरून आलेला झटका अडवत नाही, आणि तिचा गुण काळाने आणि कोरड्या हवेत उतरतो. स्क्रू, कव्हर, पट्ट्या यांसाठी ठीक. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी यांना धातूचा थर असलेली चंदेरी पिशवीच, आणि तोंड दुमडून बंद केलेली. उघड्या तोंडाची किंवा स्क्रूने भोक पडलेली चंदेरी पिशवी अर्धीच राखण करते. काळा फोम किंवा काळी पिशवी विजेला वाट देते, म्हणून बॅटरी किंवा नाण्यासारखा सेल लावलेला बोर्ड त्यावर ठेवायचा नाही. सेल उतरतो. पुण्या-मुंबईहून आलेला माल चंदेरी पिशवीत असतो, ती पिशवी फाडू नका, कापून उघडा आणि गिऱ्हाइकाचा बोर्ड ठेवायला जपून ठेवा.

शेतात

ठिबकच्या ऑटोमेशनचा किंवा सोलर पंपाचा कंट्रोलर बांधावर उघडायचा तर आधी पुरवठा बंद. घडीची मॅट मिळते, पट्टा तिला लावा आणि मॅटची दोरी त्याच कंट्रोलरच्या पेटीच्या रंग नसलेल्या लोखंडी अंगाला. अर्थिंग कमजोर असली तरी तुम्ही आणि कंट्रोलर एका पातळीवर येता, ते जास्त गरजेचं. सोलर पॅनेल ऊन आहे तोवर वीज देतच राहतात, म्हणून स्विच पाडला म्हणजे सगळं मेलं असं धरू नका. वायर मोजूनच हात घाला.

पट्टा कधी काढायचा

बसल्यावर आधी पट्टा, मग क्लिप, मग पिशवीतून बोर्ड बाहेर. उठताना उलट: बोर्ड पिशवीत, मग पट्टा सुटा. मोबाइलमध्ये पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग बाकी काहीही.

पण चालू यंत्रावर पट्टा नको. उघडलेला चार्जर, टीव्हीचा पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, कुठल्याही एसएमपीएसची (मेनची वीज डीसीत बदलणाऱ्या सप्लायची) मेनकडची बाजू तपासायची असेल तर पट्टा आधी काढून ठेवायचा. रेझिस्टर आहे म्हणून बेफिकीर राहायचं नाही, कारण दोरीची उघडी क्लिप चालू भागावर पडू शकते. शिवाय पट्टा घातलेला हात बांधल्यासारखा असतो, पटकन मागे येत नाही. पिन काढल्यावरही एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठून असतात. तो योग्य रेझिस्टरने रिकामा करा, मीटर डीसीवर ठेवून आकडा शून्याकडे आलेला बघा, आणि मगच पट्टा पुन्हा चढवा.